मुखवटा करावयास शिकवितांना

भाद्रपदांत ज्येष्ठागौरींचें आवाहन होतें, त्या दिवशींची संध्याकाळ आपणांपैकीं पुष्कळांच्या परिचयाची असेल. घराच्या कोपऱ्यांत धान्याची कोठी किंवा लोखंडी तिपाई उभी केलेली असते. तिला साडी नेसविलेली असते, दागिनेहि घातलेले असतात. तरी घरांतील मुलें तिच्याभोंवतीं खुशाल धांवत असतात. मग वडीलधारी स्त्री पितळेचा किंवा शाडूचा मुखवटा आणून त्या धडावर बसविते, आणि खोलींतील बोलणें आपोआप खालच्या आवाजांत होऊं लागतें. घरांत कोणी तरी आलें आहे असें सर्वांना वाटूं लागतें. साडी तीच, दागिने तेच. फरक काय तो एका मुखवट्याचा.

मुखवट्याच्या सामर्थ्याचें याहून चांगलें उदाहरण मला माहीत नाहीं. हें सामर्थ्य चौदा-पंधरा वर्षांच्या मुलामुलींच्या हातीं द्यावें कीं नाहीं, आणि द्यावयाचें तर कोणत्या रीतीनें द्यावें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. माध्यमिक शाळेंत चित्रकला शिकवितांना आठवी-नववीच्या वर्गांकडून मी बरींच वर्षें मुखवटे करवून घेत आलों आहें. त्यांतून जें हातीं लागलें, आणि जें चुकलें, तें दोन्ही आपल्यापुढें मांडावें असा विचार आहे.

या उद्योगावर पालकांकडून येणारा आक्षेप अगदीं सरळ आहे. मुलांना एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या रेखाकला परीक्षांना बसावयाचें असतें. तेथें वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र विचारतात; मुखवटा कोणी विचारीत नाहीं. मग चिखलानें आणि खळीनें मुलांचे हात कशासाठीं भरवावयाचे? आक्षेप खोटा नाहीं. परंतु त्या यादीकडे पुन्हां पाहिलें तर असें दिसेल कीं, तींतील प्रत्येक विषय सपाट कागदावर सुरू होतो आणि सपाट कागदावरच संपतो. वस्तूला मागची बाजू असते. पोकळीलाहि आकार असतो. आणि केलेली वस्तु कोणाच्या तरी अंगावर चढून हालूं लागली म्हणजे तिचा अर्थ पालटतो. या तीन गोष्टी कागदावर शिकवितां येत नाहींत. मुखवटा त्या तिन्ही शिकवितो. शिवाय तो चेहरा पाहावयास शिकवितो, आणि माझ्या मतें हा लाभ सर्वांत मोठा आहे.

चेहरा पाहावयास कोणाला शिकवावें लागतें काय, असें आपण म्हणाल. आजचें मूल भ्रमणध्वनीच्या कॅमेऱ्यांत स्वतःचा चेहरा दिवसांतून अनेकदां पाहतें, हें खरें. पण तें पाहणें म्हणजे आपण बरे दिसतों कीं नाहीं याची तपासणी असते. राग आला असतां भुंवईचें कोणतें टोंक हालतें, हें त्याला ठाऊक नसतें. २०२० आणि २०२१ या सालांत आपण सर्वांनींच नाक-तोंड झांकून दिवस काढले. शाळा पुन्हां भरल्या तेव्हां पट्टीच्या वर दिसणारे डोळे पाहून मूल हंसतें आहे कीं रडवेलें झालें आहे, हें मला पुष्कळदां ओळखतां येत नसे. चेहरा वाचण्याची आपली विद्या किती कच्ची आहे, हें मला त्या दिवसांत कळलें.

नभोवाणीवरून मुखवटा दाखवितां येत नाहीं. पण आपणां प्रत्येकाजवळ एक चेहरा आहे, तेवढ्यावर काम भागेल. एक दोरा घ्या. डोक्याचा माथा जेथें संपतो त्या पातळीपासून हनुवटीच्या टोंकापर्यंत तो सरळ धरा, आणि तेवढ्या लांबीची मधोमध घडी घाला. ती घडी कोठें येते? अनपेक्षित वाटेल, पण ती डोळ्यांच्या पातळीवर येते. वर्गांतील बहुतेक मुलें डोळे यापेक्षां फार वर, जवळजवळ कपाळावर काढतात; कारण कपाळ आणि केस यांत त्यांना लक्ष देण्याजोगें कांहीं दिसत नाहीं, म्हणून तीं ती जागा नकळत चोरतात. तसेंच, दोन डोळ्यांच्या मधें साधारणतः एका डोळ्याएवढें अंतर असतें, आणि कान भुंवईच्या रेषेपासून नाकाच्या तळापर्यंत येतो. पहिल्या तासाला मी मुलांच्या हातीं पेन्सिल न देतां दोरा देतों, तो यासाठींच.

आतां बोटें हलकेच भुंवयांवर ठेवा आणि राग आल्याचा अभिनय करा. भुंवया खालीं आणि आंत ओढल्या जातात, त्यांच्यामधें उभ्या आठ्या पडतात, ओंठ मिटतात. आश्चर्याचा अभिनय करा. भुंवया कमानीसारख्या वर जातात आणि खालचा जबडा सुटतो. भीतींतहि भुंवया वरच जातात. पण त्याच वेळीं त्या एकमेकींकडे ओढल्या जाऊन सरळ होतात, आणि ओंठ आडवे ताणले जातात. दुःखांत भुंवयांचीं आंतलीं टोंकें उचललीं जातात. मुलें आरशासमोर बसून हें करून पाहतात, तेव्हां प्रथम पुष्कळ खिदळतात. मग एकाएकीं गप्प होऊन पाहूं लागतात. भीति आणि विस्मय यांत केवळ भुंवईच्या वळणाचें अंतर आहे, हें ज्या मुलानें स्वतःच्या बोटांखालीं अनुभवलें, तें मूल पुढें चित्र काढतांना तें विसरत नाहीं.

येथें माझी चूक सांगितली पाहिजे. पहिल्या वर्षीं मीं वर्गाला एवढेंच सांगितलें होतें कीं, 'कोणताहि चेहरा करा. हुबेहूब आला म्हणजे झालें.' चाळीस मुलांत एकाचा हात फार चांगला होता. तिसऱ्या तासाला त्याच्या पाटावर मातीचा जो चेहरा उभा राहिला, तो पाहतांच सारा वर्ग हंसत सुटला. डावी पापणी अर्धी मिटलेली, ओंठाचा डावा कोपरा खालीं ओघळलेला. आमच्या शाळेंत घंटा देणारे जे शिपाईमामा होते, त्यांच्या तोंडावरून कांहीं वर्षांपूर्वीं वारें गेलें होतें. तो चेहरा त्या मुलानें मातींत जसाच्या तसा उतरविला होता. मीहि हंसलों. इतकेंच नव्हे, तर 'वा! साम्य काय साधलें आहेस!' असें मोठ्यानें म्हणालों. मामा त्याच वेळीं सूचनावही घेऊन दारांत उभे होते. त्यांनीं पाटाकडे पाहिलें, वही माझ्यापुढें धरली, सही घेतली, आणि ते पुढच्या वर्गाकडे निघून गेले.

संध्याकाळीं मी त्यांच्याकडे गेलों. 'पोरं आहेत, सर, चालायचंच,' एवढेंच ते म्हणाले. पण मी कांहीं पोर नव्हतों. त्या मुलाला मीं शिक्षा केली नाहीं, कारण त्यानें माझेंच सांगणें पाळलें होतें. हुबेहूब करा म्हटलें म्हणजे चांगल्या हाताचा मुलगा सर्वांत सोपी खूण उचलणार, आणि माणसाच्या चेहऱ्यावरची सर्वांत सोपी खूण म्हणजे त्याचें व्यंग. ज्या सामर्थ्यानें साडी नेसविलेल्या कोठीची देवी होते, त्याच सामर्थ्यानें चालत्याबोलत्या माणसाचें सोंग करून टाकतां येतें. तें सामर्थ्य मीं मुलांच्या हातीं दिलें, आणि तें कशासाठीं वापरावयाचें हें सांगावयास विसरलों.

तेव्हांपासून माझ्या वर्गाचा एकच नियम आहे. मुखवटा माणसाचा करावयाचा नाहीं, भावाचा करावयाचा.

हा नियम माझा नव्हे. तो या देशांत फार जुना आहे. भरताच्या नाट्यशास्त्रांत आठ स्थायीभाव सांगितले आहेत: रति, हास, शोक, क्रोध, उत्साह, भय, जुगुप्सा आणि विस्मय. प्रत्येक मुलानें यांतून एक भाव निवडावयाचा, आणि मातीला हात लावण्यापूर्वीं त्या भावाचीं तीन लहान रेखाचित्रें काढावयाचीं: एक समोरून, एक बाजूनें आणि एक केवळ चार रेषांत. चार रेषांत भाव ओळखूं आला नाहीं, तर मातींतहि तो येत नाहीं. एका मुखवट्यांत एकच भाव ठेवावा. मुलें थोडा राग, थोडें दुःख आणि थोडें हंसूं एकत्र करूं पाहतात, आणि मग तो चेहरा नुसता गोंधळलेला दिसतो.

त्याच ग्रंथांत रसांचे रंगहि दिले आहेत. शृंगार श्याम, हास्य श्वेत, करुण कपोतवर्ण म्हणजे पारव्यासारखा, रौद्र तांबडा, वीर गौर, भयानक काळा, बीभत्स निळा आणि अद्भुत पिवळा. हे रंग मी मुलांवर लादीत नाहीं. पण त्यांना विचारतों कीं, करुणाला पारव्याचा करडा रंग कां दिला असेल, काळा कां नाहीं? एका मुलीनें उत्तर दिलें, 'सर, काळ्या रंगाची भीति वाटते. आणि भीति वाटली म्हणजे रडूं येत नाहीं.' रंगांची इतकी चांगली मीमांसा मला तरी करतां आली नसती.

आतां प्रत्यक्ष कृतीकडे वळूं. मुखवट्याचे अनेक प्रकार आहेत. पण शाळेला परवडणारा आणि मुलांच्या हातून सुखरूप होणारा प्रकार म्हणजे मातीच्या साच्यावर कागदाचे थर चढविणें. पश्चिम बंगालच्या पुरुलिया जिल्ह्यांत चरिदा नांवाचें गांव आहे. तेथील कारागीर छाऊ नृत्याचे मुखवटे याच मार्गानें करतात. मातीचा चेहरा घडवून त्यावर बारीक राख पसरतात. मग खळींत भिजविलेल्या मऊ कागदाचे आठ-दहा थर देतात. त्यावर मातीनें नाक, डोळे, भुंवया रेखीव करतात, चिखलांत भिजविलेलें कापड बसवितात, घांसून गुळगुळीत करतात, आणि वाळल्यावर साचा काढून घेतात. छाऊ नृत्याची नोंद युनेस्कोनें २०१० सालीं मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादींत केली, आणि पुरुलियाच्या मुखवट्यांना २०१८ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. इतक्या नामांकित कलेचें साहित्य काय, तर माती, राख, जुना कागद आणि चिंधी. हें ऐकल्यावर साहित्य महाग पडतें म्हणून हा विषय घेतां येत नाहीं, असें म्हणावयास आम्हां शिक्षकांना तोंड उरत नाहीं.

वर्गांत मी ही रीत थोडी सोपी करून घेतों. पाटावर शाडूचा चेहरा घडवावयाचा. त्यांत दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. एक, नाक, गाल, भुंवया यांचे उठाव हवे असतील त्याहून बरेच अधिक ठेवावयाचे. कारण कागदाचा प्रत्येक थर खोलगट जागा भरून काढतो आणि चेहरा बोथट होत जातो. दुसरी, कोठेंहि मागें वळलेली खांच ठेवावयाची नाहीं. नाकपुडीखालीं खोल खळगा केला तर वाळलेला कागद त्यांत अडकतो आणि साच्यावरून सुटून येत नाहीं. ही चूक मी मुलांना एकदां करूं देतों. पोकळीला आकार असतो, हें फळ्यावर दहादां लिहिण्यापेक्षां एक अडकलेलें नाक अधिक चांगलें शिकवितें.

साच्यावर राख भुरभुरवावी, किंवा पहिला थर खळ न लावतां नुसत्या पाण्यांत भिजविलेल्या कागदाचा द्यावा. कागद कात्रीनें कापूं नये, हातानें फाडावा. कापलेला कांठ जाड राहतो आणि त्याची रेघ वर उमटते. फाडलेला कांठ पातळ होऊन शेजारच्या तुकड्यांत मिसळून जातो. वृत्तपत्राचा कागद एका दिशेनें सरळ फाटतो आणि दुसऱ्या दिशेनें वांकडातिकडा. ती दिशा मुलांनींच शोधावी. दोन बोटें रुंदीच्या पट्ट्या गालासाठीं, आणि नखाएवढे तुकडे नाकपुड्या व पापण्या यांसाठीं. एक थर वृत्तपत्राचा आणि दुसरा कोऱ्या कागदाचा असे आळीपाळीनें दिले, म्हणजे कोठें राहिलें तें रंगावरून समजतें. पांच ते सात थर पुरतात. मात्र एका दिवसांत दोनांहून अधिक थर देऊं नयेत. नाहीं तर आंतला ओलावा कोंडतो आणि बुरशी येते.

खळ मैद्याची करावी आणि ती ताजी असावी. पुस्तकबांधणीच्या जुन्या खळींत कीड लागूं नये म्हणून मोरचूद घालीत असत. तें विष आहे. मुलांच्या हातीं तें मुळींच देऊं नये. त्याऐवजीं लवंगेच्या तेलाचे चार थेंब घालावे. हें काम दिवाळीच्या सुटीनंतर काढावें, म्हणजे हवा कोरडी मिळते. पावसाळ्यांत केलेले मुखवटे वाळतां वाळत नाहींत. परंतु कडक उन्हांतहि ठेवूं नयेत, कारण वरचा थर आधीं आंखडून कडा वांकतात. सांवलींत, वारा लागेल अशा जागीं ठेवावे आणि रोज फिरवावे.

वाळल्यावर पातळ सुरीनें कडा मोकळ्या करून मुखवटा साच्यावरून उचलला जातो, तो क्षण वर्गांतील सर्वांत उत्सुकतेचा असतो. त्या वेळीं मी मुलांना मुखवटा उलटा धरून आंतून पाहावयास सांगतों. नाकाच्या जागीं खळगा, डोळ्यांच्या जागीं विहीर. स्वतः घडविलेलाच चेहरा, पण ओळखूं न येणारा. साच्याची माती भिजवून पुढच्या वर्षासाठीं ठेवावयाची, कडा कातरून त्यांवर पट्टी चिकटवावयाची. मग डोळ्यांचीं भोंकें. येथें घालणाऱ्याचे डोळे मोजावे लागतात. दोन बाहुल्यांमधील अंतर बहुधा सहा सेंटिमीटरांच्या आसपास असतें. मुखवट्याचा रंगविलेला डोळा आणि घालणाऱ्याचा खरा डोळा एकाच जागीं यावे असा नियम नाहीं. भोंक पापणीखालच्या सांवलींत लपविलें तर अधिक शोभतें. नाकपुड्या मात्र मोठ्या ठेवाव्या. श्वास कोंडला तर नट नाटक विसरतो. शेवटीं खडूची भुकटी आणि गोंद यांचा पांढरा हात देऊन मगच रंगास सुरुवात करावी.

एक धोक्याची सूचना येथें दिली पाहिजे. कित्येक ठिकाणीं मुलांच्या चेहऱ्यावरच प्लॅस्टर चढवून साचा काढण्याची हौस दिसते. प्लॅस्टर ऑफ पॅरिस पाण्यांत कालवलें म्हणजे घट्ट होतांना तापतें. जाड थरांत तें साठ अंश सेल्सिअसपर्यंत तापूं शकतें, आणि एकदां घट्ट झालें कीं आंत अडकलेला अवयव सहज बाहेर काढतां येत नाहीं. इंग्लंडमधील लिंकनशायर परगण्यांत २००७ सालीं एका शाळेच्या कलावर्गांत सोळा वर्षांच्या मुलीनें आपल्या हातांचा ठसा घेण्यासाठीं ते प्लॅस्टरमध्यें घातले आणि भाजल्यामुळें तिला बहुतेक सर्व बोटें गमवावीं लागलीं. मुलाचा चेहरा हा साचा नव्हे. मातींत चेहरा घडवितांना जें शिक्षण होतें, तें ठसा घेतल्यानें होतहि नाहीं. मग हा धोका पत्करावयाचा तरी कशासाठीं?

मुखवटे म्हटले म्हणजे महाराष्ट्रांत बोहाड्याची आठवण होणें साहजिक आहे. पालघर जिल्ह्यांतील जव्हार-मोखाड्याच्या आदिवासी मुलुखांत हा उत्सव होतो. रात्रीं मशालींच्या उजेडांत, संबळाच्या तालावर, देवदानवांचे भव्य मुखवटे घातलेलीं सोंगें एकामागून एक येतात आणि नाचून जातात. शहरांतील शाळांत या मुखवट्यांच्या चित्रांवरून नक्कल करवून घेण्याची प्रथा पडूं लागली आहे. मीहि एकदां तसें केलें. तीस मुखवटे एकसारखे झाले, आणि एकालाहि जीव आला नाहीं. कारण उघड आहे. तेथें मुखवट्याला पूजा आहे, कोणतें सोंग कोणी घ्यावयाचें याचे मान आहेत, तो घालून नाचणाऱ्यामागें सारें गांव उभें आहे. आपण त्यांतील केवळ रंग आणि सुळे उचलले, तर तीहि एक प्रकारें माणसांची नक्कलच होते. मुलांना बोहाडा अवश्य दाखवावा, जमल्यास त्या गांवीं नेऊन दाखवावा. पण घ्यावयाची ती रीत घ्यावी, दुसऱ्याचा देव घेऊं नये. मशालीच्या हालत्या उजेडांत तीस पावलांवरून दिसावें म्हणून तेथील डोळे एवढे मोठे असतात, हें ज्या मुलाला समजलें, त्याला नक्कल करण्याची गरज राहत नाहीं.

मुखवटा रंगवून झाला म्हणजे काम संपलें, अशी समजूत मुलांची आणि पालकांचीहि असते. माझ्या मतें तेथें अर्धें काम होतें. भिंतीवर टांगलेला मुखवटा ही शोभेची वस्तु आहे. तो घातला पाहिजे. जपानच्या नो नाट्यांतील लांकडी मुखवटे आपण चित्रांत पाहिले असतील. त्यांतील कित्येकांचा भाव जाणूनबुजून अस्पष्ट ठेवलेला असतो. नट मान किंचित् वर करतो तेव्हां उजेड पडून तोच चेहरा प्रसन्न दिसतो, याला तेथें 'तेरासु' म्हणजे उजळणें म्हणतात. मान खालीं केली कीं सांवली पडून तोच चेहरा खिन्न होतो, त्याला 'कुमोरासु' म्हणजे झांकोळणें म्हणतात. मुलें हा प्रयोग आपल्या कागदी मुखवट्यांवर करून पाहतात. मुखवट्याआड स्वतःच्या ओंठांचा आणि भुंवयांचा कांहीं उपयोग नाहीं, हें त्यांच्या लगेच लक्षांत येतें. मग मान, खांदे, हाताचे पंजे बोलूं लागतात. एरवीं फळ्याजवळ यावयास लाजणारीं मुलें मुखवटा घालून ताठ उभीं राहिलेलीं मीं अनेकदां पाहिलीं आहेत. आपल्याकडे कोणी पाहत नाहीं, आपल्या मुखवट्याकडे पाहत आहेत, या कल्पनेनेंच त्यांचा संकोच सुटतो.

राहतां राहिली परीक्षा. मुखवट्याला गुण कसे द्यावे? यावर मला तोड सुचली ती मामांमुळें. मुखवट्याचा भाव लांबून कळला पाहिजे, म्हणून मी तो ओसरीच्या दुसऱ्या टोंकाला, घंटेजवळ, मुलाला घालून उभा करीत असें. त्या प्रकारानंतरच्या वर्षीं एकदां मामा तेथेंच स्टुलावर बसले होते. मीं भीतभीतच विचारलें, 'मामा, हा कोण वाटतो?' त्यांनीं मुलाकडे बराच वेळ निरखून पाहिलें आणि म्हणाले, 'रागावलाय, सर. पण आतून भ्यालाय.' त्या मुलानें क्रोध निवडला होता. पण भुंवया खालीं ओढण्याऐवजीं त्यानें त्या वर उचलून सरळ केल्या होत्या. दोष मला वर्गांत दिसला नव्हता, तो मामांना चाळीस पावलांवरून दिसला.

पुढें तो आमचा पायंडाच पडला. मामांनीं भाव ओळखला तर मुखवटा उतरला. नाहीं ओळखला तर मुलानें पुन्हां आरशापुढें बसावयाचें. त्यांच्याकडून होकार मिळावा म्हणून मुलें धडपडत. ज्या मुलानें पहिल्या वर्षीं त्यांचा चेहरा केला होता, तो दहावींत गेल्यावरहि मधल्या सुटींत येऊन धाकट्या मुलांचे मुखवटे घंटेजवळ धरून उभा राही. त्या जुन्या गोष्टीविषयीं त्या दोघांत कधीं बोलणें झालें कीं नाहीं, तें मला ठाऊक नाहीं. मीं विचारलें नाहीं. मामा आतां निवृत्त झाले आहेत आणि शाळेची घंटा विजेवर वाजते. मुखवट्याची परीक्षा मात्र आम्ही अजून तेथेंच घेतों.

श्रोतेहो, आपल्या घरचें मूल एखाद्या दिवशीं असा कागदाचा मुखवटा घेऊन घरीं येईल. नाक थोडें वांकडें असेल, रंग कोठें ओघळला असेल. त्या वेळीं 'हा कोणाचा चेहरा?' असें त्याला विचारूं नका, आणि तो लगेच खिळ्याला टांगूंहि नका. तो त्याला घालावयास सांगा, खोलीच्या दुसऱ्या टोंकाला उभें करा, दिवा थोडा बाजूला घ्या, आणि त्यांत कोणता भाव आहे तें ओळखण्याचा प्रयत्न करा. ओळखतां आला तर त्याला तसें सांगा. नाहीं आला तर तेंहि खरें सांगा. आरसा घरांत असतोच. तें पुन्हां त्यापुढें जाऊन बसेल.